पंचेचाळीसच्या वरचा एक

२३ मार्च, रविवार

निवृत्ती मागे घेतली. अधिकृतपणे.

चौदा वर्षांपूर्वी मी फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली तेव्हा अख्ख्या उधन्यात कोणी एक शब्द काढला नव्हता. धक्का बसला असणार. आज लोकेश घरी आला. उधना टीमचा कॅप्टन, वय चोवीस, दोन्ही कानांवर भादरलेलं आणि मधे कोंबड्याचा तुरा. म्हणाला, काका, जयंती कपमध्ये खेळाल का? मी म्हटलं विचार करून सांगतो. मग त्याचा चहा संपायच्या आत सांगितलं.

कप भरवणाऱ्या मंडळाने यंदा नवा नियम काढलाय. सात जणांच्या टीममध्ये पंचेचाळीसच्या वरचा एक माणूस पूर्ण वेळ मैदानात पाहिजे, नाहीतर टीम बाद. हे खूळ आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचं, श्रीपतभाऊंचं. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून त्यांना असलं काहीतरी सुचतं. बाकीच्या टीमांची दया येते. कुठूनकुठून म्हातारे उकरून आणतील! आपल्याला ती कटकट नाही. आपल्याकडे मी आहे. मी अठ्ठेचाळीसचा आहे हा निव्वळ योगायोग.

प्रज्ञाने विचारलं, गुडघ्याचं काय करणार आहात? बायकांना खेळातलं कळत नाही.

साक्षी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, फायनलला पोचलात तर येईन बघायला, तोवर माझ्या परीक्षा आहेत. पण म्हणाली. मी सोडलं तेव्हा ती चार वर्षांची होती, आता कॉलेजात आहे. बाप मैदानात काय चीज आहे हे तिने कधी पाहिलंच नाही. म्हणजे फायनल गाठणं भाग आहे.

संकल्प: लोचो बंद. खमण बंद. साखर अर्धी. पहाटे पाचला पळणे.

२४ मार्च

पाचला उठलो. गल्लीच्या तोंडाशी कुत्री. परत झोपलो. विश्रांती हाही ट्रेनिंगचाच भाग असतो, आजकालच्या पोरांना हे कोणी सांगत नाही.

२६ मार्च, बुधवार

पहिली प्रॅक्टिस. कापडाच्या प्रोसेस हाउसमधून तासभर लवकर निघालो. पॅकिंग खात्याचा सुपरवायझर मीच असल्यामुळे मला मीच परवानगी दिली.

पोरांचे बूट बघून डोळे दुखले. पोपटी, गुलाबी, केशरी. लग्नाच्या वरातीला निघालेत की काय! आपसात गुजरातीत बोलतात, शिव्या हिंदीत देतात. मराठी फक्त माझ्याशी, तेही मी वाटेत उभा असलो तर. मी सांगितलं, मैदानात मला काका म्हणायचं नाही, दादा म्हणायचं. म्हणाले, बरं काका.

मार्गदर्शनाला सुरुवात केली. विषय: फुटबॉल पायाने नाही, डोक्याने खेळतात. मी बोलत असताना एकेक जण वॉर्मअपला सटकला. शेवटी गोलकीपर तुषार तेवढा उरला, कारण त्याला गोल सोडून जाता येत नाही. त्याला वलसाडविरुद्धचा माझा गोल सविस्तर सांगितला, जो मी पाठीने मारला होता. तुषारने विचारलं, मुद्दाम का? असल्या प्रश्नांवरून पिढीचा दर्जा कळतो.

मग थोडा पळालो. गुडघा म्हणतोय उद्या नको.

३० मार्च, रविवार

पहिली मॅच. जिंकलो, ३–१.

सकाळी लोचो खाल्ला, वरून बटर. मॅचच्या दिवशी अंगात ताकद लागते, तेव्हा तो मोजायचा नाही.

लोकेशने मला समोरच्यांच्या कोपऱ्यात, झेंड्याजवळ उभं केलं. वर गुजरातीत बजावलं, काका, त्यां ज ऊभा रहेजो. म्हणजे तिथून हलायचं नाही. डाव माझ्या लगेच लक्षात आला. धोकादायक खेळाडू कोपऱ्यात ठेवायचा आणि समोरच्यांना सतत धाकात ठेवायचं. झालंही तसंच. पूर्ण मॅचभर त्यांचा एकही माणूस माझ्याजवळ फिरकला नाही! हिंमतच झाली नाही कोणाची.

आपली पोरं मधूनमधून ओरडत होती, काका को मत देना, काका को मत देना. चांगली युक्ती आहे. समोरच्यांना वाटतं की बॉल माझ्याकडे येणार नाही, आणि ते गाफील राहतात. प्रत्यक्षात बॉल आला नाही, हा भाग वेगळा.

संध्याकाळी प्रज्ञाने पायाला शेक दिला. साक्षीला मॅचची हकिगत सांगितली. तिने कानातला इअरफोन काढून विचारलं, काय म्हणालात?

२ एप्रिल

आज तुषारला गोलकीपिंगचं मार्गदर्शन केलं. मी कधी गोलकीपर नव्हतो, पण गोल मारणाऱ्यालाच गोल अडवणं खरं कळतं. कसं उभं राहायचं ते दाखवायला स्वतः गोलात गेलो. लोकेशने पाच मारले, पाचही आत गेले. तुषारला म्हटलं, बघ, असं करायचं नाही. सुरुवातीलाच चूक दाखवली की मनावर ठसते.

साखर उद्यापासून अर्धी.

५ एप्रिल, शनिवार

कडोदऱ्याला हरवलं, २–०. लोकेशचे दोन्ही.

शेवटी एक बॉल चुकून, म्हणजे योजनेनुसार, माझ्याकडे आला. समोर कोणी नाही. मी डोकं शांत ठेवलं, जागा हेरली आणि कचकून मारला. बॉल उसाच्या रसाच्या गाडीवर गेला. दोन ग्लास फुटले. रसवाला मैदानात आला तेव्हा आपल्या सगळ्या पोरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. टीमस्पिरिट नावाची चीज आम्ही सोबत घेऊन निवृत्त झालो बहुतेक.

कडोदऱ्याचा म्हातारा बघवत नव्हता. पँट, पट्टा, पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा. पळाला की देवळातली घंटा वाजल्यासारखं. असल्यांना मैदानात उतरवून फुटबॉलची थट्टा चालवलीय.

६ एप्रिल, रविवार

कतारगामची मॅच बघायला गेलो. प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास. त्यांच्याकडून कोण खेळतोय तर निंबा! वीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच टीममध्ये होतो. लूमवर उभं राहून कंबर गेलीय, पोट पुढे आलंय. बॉल लांब गेला की हा मैदानात खाली बसतो, जवळ आला की उठतो. त्याची पोरं हसतात, तोही हसतो. लाज नाही. नवे बूट मात्र घेतलेत, आणि सून, नातू सगळे बाजूला बसून टाळ्या वाजवतायत.

मॅच संपल्यावर मला बघून लांबूनच ओरडला, काय करी ऱ्हायना पम्या? मी तिथे अभ्यासाला गेलो होतो, म्हणून नुसता हात केला.

१० एप्रिल, गुरुवार

ऐतिहासिक दिवस. सेमीफायनल जिंकलो, २–१. म्हणजे फायनल, समोर कतारगाम! साक्षीला लगेच फोन केला. म्हणाली, येते, मैत्रिणींनाही आणते. मैत्रिणींनाही!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. समोरच्यांचे पंचेचाळीसवाले, सखाराम नावाचे कोणी गृहस्थ, हाफटाइमच्या आधीच चक्कर येऊन खाली बसले. पाणी मारलं, उचलून सावलीत नेलं. श्रीपतभाऊंनी टीम बाद केली नाही, मॅच तशीच पुढे चालू दिली. मॅच संपल्यावर श्रीपतभाऊंनी सगळ्या टीमांच्या पोरांना गोळा केलं आणि विचारलं, नियमाबद्दल कोणाला काही बोलायचंय का. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. या पिढीत बोलायची धमक नाही.

मी उठलो. म्हटलं, भाऊ, हा नियम फुटबॉलचा अपमान आहे. हे मैदान आहे, पेन्शनवाल्यांचा बाकडा नाही. कोणी किल्ल्या वाजवतोय, कोणी खाली बसतोय, कोणी चक्कर येऊन पडतोय. ज्याच्यात दम आहे तो नियम नसतानाही खेळेल, ज्याच्यात नाही त्याने घरी बसावं. फायनल तरी खऱ्या खेळाडूंची होऊ द्या!

टाळ्यांचा कडकडाट. पोरं उभी राहून शिट्ट्या मारत होती. सर्वांत जास्त टाळ्या आपल्या लोकेशने वाजवल्या. मार्गदर्शन वाया जात नाही ते असं.

श्रीपतभाऊंनी विचारलं, प्रमोद, तुला नक्की असं वाटतं? नक्की, म्हटलं. त्यांनी परत तेच विचारलं. ऐकायला कमी येतं त्यांना हल्ली. मग म्हणाले, मी काहीतरी मनात धरून हा नियम केला होता, पण तूच म्हणतोस तर राहू दे. फायनलसाठी नियम रद्द.

लोकेशने मला मिठी मारली. आजवर कधी मारली नव्हती. काका, कमाल कर दिया, म्हणाला. मी खांद्यावर थोपटलं.

११ एप्रिल

निंबाचा फोन. आवाजावरून चिडलेला. तुले काय गरज व्हती बोलानी, म्हणून सुरुवात. म्हणाला, आम्हाला काय कळत नव्हतं का रे, की नियम आहे म्हणून पोरं बोलवतायत? पण बोलवत होती ना. घरी येत होती, चहा पीत होती, काका चला म्हणत होती. सुनेने बॅग भरून दिली, नातवाने बूट पुसले. एवढं पुरत होतं आम्हाला, तेवढंही तू घालवलंस.

मला कीव आली. माणसाला स्वाभिमान नको? त्याला समजावलं की निंबा, तुझी गोष्ट वेगळी, माझी वेगळी. तुला नियमाने बोलावलं होतं. मला लोकेश स्वतः घरी येऊन विचारून गेला.

मग तो बरं भाऊ म्हणाला आणि फोन ठेवला. पटलं असावं.

१२ एप्रिल, शनिवार

आज प्रॅक्टिसचा निरोप आला नाही. फायनलच्या आधी मोठ्या खेळाडूला विश्रांती देतात, ते बरोबरच आहे. मैदानावरून सहज चक्कर मारली तर पोरं प्रॅक्टिस करत होती. मी त्यांना दिसू नये म्हणून झाडामागून बघितलं. उगाच दडपण यायचं.

दुपारी लोकेश घरी आला. माझी दहा नंबरची जर्सी धुवायला हवी म्हणाला. बघा, कॅप्टन स्वतः जर्सी धुतो! प्रज्ञा म्हणाली, अरे, मी सकाळीच धुतलीय, दोरीवर आहे. तो म्हणाला, चालेल काकू, ओलीच द्या. पिशवीत घालून घेऊन गेला.

प्रज्ञा माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, काय झालं? काही नाही म्हणाली आणि आत गेली.

१३ एप्रिल, रविवार. सकाळी

फायनल. रात्री झोप छान लागली, मधे दोनतीनदा उठलो तेवढंच. बूट तीन वेळा पुसले.

डाव ठरवलाय. पहिल्या हाफमध्ये कोपऱ्यात राहून त्यांना दमवायचं. दुसऱ्या हाफमध्ये मधे यायचं. आज कोपऱ्यात थांबायची सक्ती नाही, नियमच नाही. एक गोल नक्की, साक्षी बसेल त्या बाजूला. गोल झाल्यावर धावत जायचं नाही, नुसता हात वर करायचा. शोभून दिसतं.

लोचो नाही. भूकच नाही.

१३ एप्रिल. संध्याकाळी

जिंकलो. ४–०.

दहा नंबरची जर्सी वाळलेली होती. लोकेशच्या चुलतभावाच्या अंगावर होती. लोकेश म्हणाला, काका, तुम्ही बाहेरून बघा, काय चुकतंय ते आम्हाला सांगा. मी म्हटलं ठीक आहे. पहिला हाफ बाजूला उभा राहून सांगत होतो. डावीकडे द्या, पसरा, मागे या. कोणी बघितलं नाही. मग घसा बसला. खुर्चीवर बसलो, पायात बूट तसेच.

त्या पोराने दोन गोल मारले. पळतो चांगला. चांगलाच पळतो, उगाच खोटं कशाला लिहू.

साक्षी आली होती. मैत्रिणींना म्हणत होती, माझे पप्पा प्लेअर आहेत. मी बाजूला बसलेला बघून जवळ आली आणि विचारलं, पप्पा, तुम्ही कधी उतरणार? दुसऱ्या हाफमध्ये, म्हटलं. दुसरा हाफ सुरू झाल्यावर परत विचारलं. थोड्या वेळाने, म्हटलं. मग तिने विचारायचं सोडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मैत्रिणी कंटाळून गेल्या. ती गेली नाही. मोबाइलही काढला नाही.

शिट्टी झाल्यावर पोरं ट्रॉफी घेऊन नाचली. लोकेश येऊन माझ्या पाया पडला. चांगला पोरगा आहे. पाया पडला तेव्हा वाटलं, हा आता परत घरी येणार नाही.

साक्षीने विचारलं, आधीच्या मॅचमध्ये तर तुम्ही खेळलात, मग आज का नाही घेतलं? मी म्हटलं, आधी नियम होता, तो बदलला. ती चिडली. म्हणाली, असा कसा मधेच बदलला? कोणी बदलला?

मी म्हटलं, कमिटीने.

निंबा पलीकडच्याच खुर्चीवर होता. तोही बूट घालून आला होता. त्याला सगळं ऐकू गेलं. तो वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.