आईच्या पर्सची मूठ

धाड
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५
सकाळी सव्वासात. सुपांच्या जुड्या बांधून ओट्यावर रचल्या आणि लिहायला बसलो.

सौ. योगिनीताईस,

हरिओमचा सा. नमस्कार. तू व प्रसेनजितभाऊजी खुशाल असाल. इकडे बाबांचा खोकला कमी आहे. बांबू यंदा चांगला मिळाला. लग्नसराईमुळे सुपांना आणि दुरड्यांना मागणी आहे.

तू नांदुऱ्याहून पाठवलेली आईची पर्स बुधवारी पोहोचली. फोनवर बोललो असतो तर मध्येच थांबलो असतो, म्हणून पत्र.

तू म्हणाली होतीस, बाबांना माझे नाव सांगू नको, गिऱ्हाइकाची म्हणून मूठ दुरुस्त करून घे. मी तसेच करणार होतो. पण जीपवाल्या भागवतने ती मला बाजारात न देता घरी नेऊन थेट बाबांच्या हातात दिली. स्वतः विणलेली वस्तू ते ओळखणार नाहीत का? बांबूच्या बारीक कामट्यांची वीण, हिरव्या पट्टीला लागून जांभळी पट्टी, झाकणाला पितळी आकडा. आई ती हातात घेऊन मामाच्या लग्नात कशी मिरवली, हे ते अजून सांगतात. घर सोडताना तू तेवढी एकच वस्तू नेलीस, हेही ते विसरलेले नाहीत.

ताई, आपल्या घराण्यातली एक रीत तुला ठाऊक नसेल. बाई वारली, की तिने माहेरून नेलेली दुरडी सासरचे परत पाठवतात. निरोप नाही, चिठ्ठी नाही, परक्याच्या हाताने. आईची दुरडी देऊळगाव राजाला मामाकडे अशीच गेली. आपण तेव्हा लहान होतो. तुझ्याकडे दुरडी नव्हती, ही पर्सच होती.

मी बाजारातून आलो तर चूल थंड. बाबा डोक्यावरून आंघोळ करून ओल्या पंच्यानेच ओट्यावर बसलेले, पर्स मांडीवर. शेजारच्या अन्नपूर्णाबाई पिठलं-भाकर झाकून घेऊन आलेल्या.

"योगिनी कवा गेली?" बाबांनी विचारले. "मले काऊन नाही सांगतलं?"

"बाबा, ताई खुशाल आहे. मूठ तुटली म्हणून पाठवली तिनं."

"खोटं नको बोलू बे. मी तिच्या नावानं पाणी घेतलं अंगावर."

तेव्हा मी तुला फोन लावला आणि आवाज मोठा केला. तू म्हणालीस, "पोळ्या लाटून राह्यली, बोल लवकर." मी काही नाही म्हणून ठेवून दिला आणि नंतर तू रागावलीस. पण तुझा आवाज बाबांनी ऐकला, ताई. ते उठून रचलेल्या बांबूंच्या मागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

अन्नपूर्णाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आता हे भाकर वापस नेऊ का मी? जित्या पोरीच्या नावानं खा दोघं." आम्ही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पर्स कामाला घेतली. तळ घट्ट केला, झाकणाची कड नवी बांधली. मूठ मात्र एकाच बाजूने बसवली. मी म्हटले, बंद करा, पाठवून देतो.

"ते मूठ तुया मायच्या हाताची होती. हिचा पंजा रुंद आहे. माप घेतल्याबिगर मी मूठ बंद करत नाही, माहीत आहे ना तुले?"

"फोनवर बोटं मोजून सांगेल ती."

"फोनवर माप घेतेत का बे?"

मग मान खाली घालून कामटी तासत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "तिच्या घरी सूप आहे का?" मला माहीत नव्हते. "प्रसेनजितले विचार मंग." तुझ्या लग्नाला न आलेल्या बाबांच्या तोंडून भाऊजींचे नाव मी पहिल्यांदा ऐकले.

म्हणून पर्स पार्सलने येणार नाही. मुठीची मोकळी कामटी बाबा रोज ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. वाळली तर ती वळत नाही, मोडते. तसे किती दिवस ओली ठेवता येईल, मला सांगता येत नाही.

तुला बोलव असे त्यांनी मला सांगितलेले नाही. मी लिहितो आहे, ते समोर बसले आहेत, आणि कोणाला लिहितोस असे विचारत नाहीत.

भाऊजींना घेऊन ये.

तुझा भाऊ,
हरिओम