सुतळीने बांधलेलं झाकण

शनिवार, ४ ऑक्टोबर २००८

ज्या देशात तेल जमिनीतून आपणहून वर येतं, त्या देशात एका सभ्य माणसाला किटलीवर नीट बसणारं झाकण मिळू नये, याची इतिहासाने दखल घ्यावी म्हणून आज ही वही उघडतो आहे.

आम्हा तुर्कमेन लोकांत ज्याची त्याची किटली वेगळी. जमीन वाटून घेऊ, घोडा उसना देऊ, किटली नाही. नव्या खोलीत ट्रंक टेकवताच घरमालकीण ओगुलशेकर-एजे किटली घेऊन आली. एजे म्हणजे आई. तिला सारं गाव एजे म्हणतं, सत्तरीची आहे. किटली उत्तम, निळ्या फुलांची. झाकण मात्र दुसऱ्याच कुठल्या लहान किटलीचं. सुतळीने कानाला बांधलेलं. ओतायला गेलं की ते पेल्यात उडी घेतं आणि आपल्या विजारीवर चहा. मी म्हणालो, एजे, उद्याच टिनवाल्याकडून नवं करून आणतो. तिने शांतपणे सांगितलं, सगळे असंच म्हणतात.

बाकी सगळं झकास. खिडकीतून थेट गवताळ माळ, अंगणात तंदूर, वर ताज्या रोटीचा वास. रमजान नुकताच संपलाय, त्यामुळे भर दुपारी चहा पिण्याची चैन नवी वाटते. मी जेवत होतो तेव्हा म्हातारी समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. आमच्या म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग नाही. रोटी जरा कोरडी होती, मी ती चहाबरोबर ढकलली.

सोमवार, ६ ऑक्टोबर

गोर्गान शहराच्या साप्ताहिकात वीस वर्षं मी लोकांची टर उडवून पोट भरलं. साप्ताहिक बंद पडलं आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी सरकारी अर्थाने उपयोगी झालो. या गावाच्या दवाखान्यात घास अडकणारी माणसं येतात. आपल्या या भागात ती फार. का, ते शोधायचं म्हणून मोठ्या शहरातून डॉक्टर शहलाबाई आल्या आहेत. माझं काम चहा मोजायचं.

दोन पेले भरायचे. एकात थर्मामीटर, दुसरा समोरच्याच्या हातात. काटा पंचाहत्तरवर आला की म्हणायचं, घे घोट, घरी असाच पितोस का? नाही म्हणाला तर पाच अंश उतरेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा. शिपाई गेल्दीने पहिल्याच दिवशी विचारलं, साहेब, उन्हाळ्यात मेंढ्यांचाही ताप मोजणार का. गावात माझं नाव आता ‘चहाचा वैद्य’.

सराव म्हणून पहिला फॉर्म स्वतःचाच भरला. पंचाहत्तरला होय म्हणून मान हलवावीशी वाटली. लिहिलं साठ. सरकारी कागदावर माणसाने जरा सोज्वळ दिसावं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सुट्टी. आठवड्याचं शहाणपण लिहून ठेवतो.

दवाखान्यात दोन बातम्या असतात, एक खोलीतली आणि एक व्हरांड्यातली. खोलीत आजाऱ्याला सांगतात, सूज आहे, उतरेल. मग घरच्यांपैकी एकाला व्हरांड्यात बोलावतात आणि खरं तिथे सांगतात. शहलाबाईंना हे पटत नाही. सुरुवातीला त्या खोलीतच बोलायच्या. तेव्हा लोक त्यांच्या पाया पडून म्हणाले, बाई, आमच्या बापाला आधीच मारू नका. आता त्याही उठून दाराकडे जातात.

त्यांनी मला साध्या शब्दांत समजावलं. अन्ननलिका रबरासारखी ताणते. आत गाठ वाढत असते, माणूस खात असतो, काही कळत नाही. कोरडी रोटी अडकते तेव्हा वाट निम्म्याहून अधिक बंद झालेली असते. मग मऊ भात, मग पातळ, मग पाणी. बहुतेकांच्या बाबतीत तोवर ते दुखणं आसपास, यकृतात जाऊन बसलेलं असतं. कापून काढण्याची वेळ गेलेली. मग आत जाळीची नळी बसवायची, सूप तेवढं उतरावं म्हणून. मी म्हटलं, आणि चहा? त्या म्हणाल्या, संशय त्याच्यावरच आहे, म्हणून तर तुमचा फॉर्म.

परवा नेपेस नावाचा मेंढपाळ आला होता. त्याचा मुलगा व्हरांड्यात गेला तेव्हा पंचविशीचा होता, परत आला तो चाळिशीचा होऊन. टोपी हातात फिरवत म्हणाला, बाबा, सूज आहे. नेपेस खूश. मला म्हणाला, मी सांगत नव्हतो? चहा थोडा अजून गरम केला की वाट मोकळी होते. इथे सगळे हेच करतात. अडकलं की अजून गरम.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

एजेच्या कंजूषपणाविरुद्ध तक्रार नोंदवतो. रोटीचा कडक, खरपूस काठ, ज्यासाठी माणूस रोटी खातो, तो चार दिवस ताटातून गायब. विचारलं तर म्हणते, कोंबड्यांना टाकला. म्हणजे भाडं माझं आणि काठ कोंबड्यांचा.

पट्ट्याला दोन भोकं वाढवून घेतली. दवाखान्याचे जिने चढून अंग हलकं झालंय. छातीत मधोमध काहीतरी बसल्यासारखं होतं, घाईत जेवतो म्हणून. कडक चहाने जातं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आता रोटी रश्श्यात बुडवूनच येते. कुस्करलेली. मटण खिमा करून. मी ताटावर बसून भाषण दिलं. मी काय दात न आलेलं पोर आहे का, मालकिणीने भाडेकरूचं ताट कसं वाढावं याला काही रीत असते. तिने सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी खिमा अजून बारीक.

गेल्दी म्हणाला, साहेब, तुमची पँट तुमच्याआधी ऑफिसात पोचते. हसलो. हसताना आवाज चिरकला.

सूप मात्र चांगलं होतं. सगळं संपवलं. आठवडाभरात पहिल्यांदा.

रविवार, १६ नोव्हेंबर

दूधभात. तोही फडक्यातून गाळलेला. आज मी हट्ट धरला. अख्खी रोटी हवी. काठासकट. एजेने तंदूरमधून काढली, समोर ठेवली. बाजूला एक घमेलं ठेवलं. घमेलं कशाला ते कळलं नाही.

पहिला घास खूप चावला. गिळला. उतरला नाही.

उकळता चहा घेतला. तोही वरच थांबला. मग दोन्ही परत आले. घमेलं बरोबर तोंडाखाली होतं. आधीपासून.

माझी पाठ चोळत ती म्हणाली, “पहिल्याच दिवशी दिसलं होतं, पोरा. तू घास चहाने ढकललास.”

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. म्हणाली, “बोलले की तू जेवण सोडतोस. सगळे सोडतात.”

मग सांगितलं. किटली आधी सासऱ्याची. मग नवऱ्याची. मग दिराची. मग थोरल्या मुलाची. ताट कसं पातळ करत न्यायचं ते तिला पाठ आहे. मूळ झाकण सासऱ्याच्याच हातून फुटलं. चौघांनीही नवं आणतो म्हणून सांगितलं होतं.

घरात दुसरी किटली नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज फॉर्मच्या दुसऱ्या बाजूला बसलो. म्हणजे आडवा झालो. नळी घशातून आत. गेल्दीने पाय धरले होते. एकही विनोद केला नाही, तेव्हा जरा—

शुद्धीवर आलो. शहलाबाई हात पुसत होत्या. बराच वेळ पुसत होत्या. मग म्हणाल्या, “यागमूरसाहेब, सूज आहे.”

मी थांबलो. त्या अजून काही म्हणतील असं वाटलं. हे वाक्य मी दिवसातून सहा वेळा ऐकतो.

त्यांनी विचारलं, तुमच्याबरोबर कोण आहे. कोणी नाही, म्हटलं. बरं वाटलं त्यात. व्हरांड्यात न्यायला कोणी नसेल तर मग—

दारात एजे उभी होती. हातात सुपाचा डबा, फडक्यात बांधलेला. शहलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. दोघी बाहेर गेल्या.

दाराला काच आहे. मी छताकडे बघत राहिलो.

एजे परत आली. डोक्यावरचा रुमाल नीट केला. डबा उघडला. म्हणाली, सूज आहे, उतरेल.

मी हसलो. नेपेससारखं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

जाळीची नळी बसवली. छातीत पिंजरा ठेवल्यासारखं. सूप उतरतं. उंटिणीचं दूध उतरतं. पाठीत दुखतं. झोपल्यावर जास्त.

मी फायली लावतो. यकृतासाठी कुठला आकडा लिहितात ते मला माहीत आहे, माझ्या फायलीवर तोच आहे. मला माहीत आहे हे शहलाबाईंना माहीत आहे. एजेलाही. आज मीच शहलाबाईंना विचारलं, सूज किती दिवसांत उतरेल. त्या म्हणाल्या, बघू. मी म्हणालो, बरं.

चेष्टा सुचत नाही. वाईटही वाटत नाही. लोकर भरल्यासारखं आहे आत.

बुधवार, ३ डिसेंबर

माझा फॉर्म भरायला कोण? गेल्दी. त्याने दोन पेले भरले. एकात थर्मामीटर धरलं. पंचाहत्तर. म्हणाला, “साहेब, असाच पिता का?”

मी ओठाला लावला. होय म्हणून मान हलवली.

त्याने जुना फॉर्म काढला. साठ. माझं अक्षर. पेन पुढे केलं. मी खोडून पंचाहत्तर लिहिलं. सही केली. पेला तसाच—

सोमवार, ८ डिसेंबर

पाणी. आज पाणीही जरा थांबलं.

शहलाबाई खोलीत आल्या. दार लावून घेतलं. माझ्याशी बोलायला आल्या होत्या, व्हरांड्यातलं. त्यांनी तोंड उघडलं. मीच म्हणालो, राहू दे बाई. एजेने सांगितलंय. सूज आहे.

त्यांनी उठून दार पुन्हा उघडलं.

गुरुवार, ११ डिसेंबर

टिनवाल्यापर्यंत गेलो. गेल्दीने धरून नेलं. वाटेत तीनदा बसलो. झाकण पाहिजे म्हटलं. किटली मोजून घेतली त्याने, तिथेच ठोकलं. पाऊण तास. बसलं. हलवून पाहिलं. आवाज नाही.

घरी आलो. एजे तंदूरपाशी. किटली धुतली. सुतळी कापली. गाठ सोडवायला बोटांत जोर— कापलीच. किटली फळीवर ठेवली, तिच्या जागी. झाकण लावून.

तिने पाहिलं. रुमालाचं टोक दातात धरलं.

जुनं झाकण माझ्याकडे. चौघांचं. उशीखाली.

एजे, मी गेल्यावर खोली भाड्याने देशील. त्यालाही हीच किटली. देच. फक्त त्याला सांग, पेल्यात ओतल्यावर थोडं थां—