हवेत कसलेले बोल्ट

अक्बू, अल्जीरिया, ९ एप्रिल १९८९

चि. फरहात यास दादा मोकरानचे आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल, असं लिहायचं म्हणून लिहिलं. खुशाल काही नाही. तू फ्रान्सहून बेलैदकाकांच्या हाती पाठवलेले मागच्या चाकांच्या सांध्यांतले चार रबरी बुश दोन महिनेसुद्धा टिकले नाहीत. आपली म्हातारी प्यूजो गाडी वळण आलं की पुन्हा ढुंगण हलवते, मागून खडखडते आणि टायर आतल्या बाजूनं घासून गुळगुळीत झालेत. बाबांनी बुश स्वतः बसवले होते, गॅरेजात मला पान्ह्याला हात लावू दिला नाही. धाकट्यानं अस्सल माल पाठवला म्हणून कॅफेभर मिरवत होते. आता तोच कॅफे त्यांना हसतो.

परवा जेवताना त्यांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, सत्तरीच्या बापाला भंगार पाठवणाऱ्यानं मोठ्या ईदला माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही. मी समजावलं, पण ऐकतात कुठले! तूर्त तिकिटं काढू नकोस. तुझ्या बायकोला सलाम, पोरीला पापा.

तुझा दादा

सेंत-एतियेन, २३ एप्रिल

ती. दादास फरहातचा सलाम.

भंगार? अरे, अर्धा दिवस रजा टाकून मी ते बुश आणले, नंबर तीनदा ताडून घेतला! रबर दोन महिन्यांत आपणहून फाटत नाही, गाडी हवेत टांगलेली असताना बोल्ट कसले तर फाटतं. विसरलास? बुश बसवले की बोल्ट नुसते हातानं अडकवायचे. मग गाडी जॅकवरून जमिनीवर घ्यायची, डिकीत रव्याची दोन पोती, मागच्या सीटवर तू, मी आणि रागानं फणफणणारी आत्या. मगच बाबा खाली सरपटत जाऊन पान्हा मारायचे. गाडी रोज जशी उभी राहणार, तशीच उभी असताना कसायचं, नाहीतर रबर जन्मभर पिळलेलं राहतं, हे त्यांनीच आपल्याला कान पिळून शिकवलं. यंदा पोती ठेवली होती का? उघडून बघ आणि खरं ते लिही.

तिकिटं काढून झाली आहेत, दादा. पोर सात महिन्यांची झाली, आजोबांनी तिला पाहिलेलं नाही. मला माझ्या घरी यायचंय. बाबांना सांग की माझा दोष नाही. एवढंच मागतो.

फरहात

अक्बू, १४ मे

चि. फरहात,

बाबा शुक्रवारी नमाजाला गेले तेव्हा उघडून पाहिलं. चारही बुश एकाच बाजूला पिळून फाटलेत. तुझं खरं आहे. आणि आता लपवत नाही, मला उघडून पाहायची गरज नव्हती. मी तिथेच उभा होतो. गाडी जॅकवर, चाकं लोंबतायत, आणि बाबांनी लांब पान्हा घेऊन सगळे बोल्ट करकचून आवळले. शाळेचे मास्तर आणि आणखी एक गिऱ्हाईक शेजारी चहा पीत होते. त्या दिवशी बाबांनी मला दोनदा तुझ्या नावानं हाक मारली होती. चारचौघांत त्यांना काय सांगू, की बाबा, तुम्ही स्वतःचीच रीत विसरलात?

मग गाडी खडखडायला लागली. बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि माझ्या तोंडून निघून गेलं की फरहातचा माल हलका असेल. एकदा बोललो ते बोललो.

आता खरं सांगितलं तर ते पान्हा खाली ठेवतील आणि महिनाभरात खाटेला खिळतील. गिऱ्हाइकांच्या गाड्या मी चालवून बघायच्या निमित्तानं बाहेर नेतो, दूर उभ्या करतो आणि बोल्ट सैल करून पुन्हा नीट कसतो. माझं आयुष्य यातच चाललंय. तू लांब आहेस, तुला कुणी तोंडावर बोलत नाही. एवढी एक ईद सोसून घे. राग मानू नकोस.

दादा

सेंत-एतियेन, २ जून

दादास,

सोबत बाबांच्या नावाची वेगळी चिठ्ठी आहे, वाचून दाखव. जुन्या बाजारातून हलका माल उचलला, चूक झाली, असं त्यात लिहिलंय. त्यांना कॅफेतही वाचायची असेल तर वाचू देत. तिकिटं परत केली. बायकोनं विचारलं, आपण काय गुन्हा केला?

तू बाबांची लाज राखलीस, ते मला कळतं. मी तिथे असतो तर मीही गप्प बसलो असतो. पण दोष कुणाच्या तरी गळ्यात घालायचा होता तर जगात दुकानदार होता, बेलैदकाका होते, सरळ नशीब होतं. तुझ्या तोंडी पहिलं नाव माझं आलं. माझी जागा तिथे रिकामी पडली आहे आणि तुला ती रिकामीच बरी वाटते, असं मला आता वाटू लागलंय. तसं नसेल तर लिही. असेल तर लिहू नकोस.

पोरीचा फोटो पाठवतोय. बाबांच्या हातात दे. त्यांनी तो फाडला, तर मला कळवू नकोस. जपून ठेवला, तरी कळवू नकोस, कारण मग मी धावत येईन आणि दारात खरं बोलून जाईन.

पत्राच्या शेवटी लोभ मागतात. मी तुझ्याकडे मागत नाही.

फरहात