चार्ट तुमचा, निर्णय तुमचा

३ मार्च, सोमवार
आमच्या हॉस्पिटलात नर्सिंग सुपरिटेंडेंटची जागा रिकामी होतेय. मोठे डॉक्टर म्हणाले, नागेंद्र ब्रदर, तुमचं नाव डोक्यात आहे. म्हणजे झालंच. तरी पुरावा असावा म्हणून नेतृत्वावर संशोधन सुरू केलं. विषय: ड्युटी चार्ट साहेबाने, म्हणजे वॉर्डाचा इन्चार्ज म्हणून मी, न लावता सिस्टरांनीच लावला तर काम सुधारतं का? माझ्या मते सुधारतं. निष्कर्ष आजच लिहून टाकला.

६ मार्च
मीटिंग. नियम एकच: चार्टमधली प्रत्येक ड्युटी टीमने आपसात भरायची, मी ढवळाढवळ करणार नाही. मीही टीममधलाच, असंही बोललो. पिरनवाडीची रूपाली सिस्टर म्हणाली, आमी लावू त्येच फायनल व्हय? म्हटलं, फायनल. टाळ्या.

१० मार्च
नेत्याने माणसं जोडावीत. १९ ला उचगावात आमची जत्रा. सगळ्या सिस्टरांना मटणाचं आवतण दिलं, मोठ्या डॉक्टरांनाही. जेवताना निष्कर्ष वाचेन. त्यांनी तिथंच माझं नाव जाहीर केलं तर हरकत घेणार नाही. बायको गुणाबाई म्हणाली, समदी हितं आल्यावर पेशंटकडं कोण बघणार? तिला अॅडमिनिस्ट्रेशन कळत नाही.

१५ मार्च
चार्ट लागला. भांडण नाही, तंटा नाही. मी बघितलासुद्धा नाही. विश्वास म्हणजे विश्वास.

१८ मार्च, संध्याकाळी
बघितला. उद्या दिवसभर: नागेंद्र ब्रदर. एकटाच. रूपालीला विचारलं, तर म्हणाली, तुमीच म्हटलासा की, तुमी पण टीममदलं. मुद्दा बिनतोड. दुसऱ्या कुणाला ड्युटीवर बोलावलं असतं, पण सगळ्यांना जेवायला मीच बोलावलंय.

१९ मार्च, दुपारी
वॉर्ड भरलेला. डबा आणायचा राहिला. लोंढा गावचे एक पेशंट आप्पा विचारत होते, सिस्टर कुठं गेल्या? सांगितलं, आमच्या घरी.

संध्याकाळी
गुणाबाईचा फोन. डॉक्टरांनी दोनदा रस्सा घेतला. वॉर्डात कोण आहे विचारल्यावर रूपाली म्हणाली, ब्रदरना लावलंय. डॉक्टरांना हसून ठसका लागला. म्हणाले, साहेबालाच जत्रेदिवशी ड्युटीला लावते, हिलाच सुपरिटेंडेंट करूया. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुणाबाईनेसुद्धा. फार वाईट वाटलं. मग सलाइन बदलायला गेलो.

२० मार्च
संशोधन मात्र यशस्वी. स्टाफमध्ये नेतृत्व तयार झालं, तेही माझ्यामुळे. घरी थोडं मटण उरलंय म्हणे. अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. रूपाली मॅडम म्हणाल्या, टीमला इचारून सांगते.