वाहनतळातल्या बटाट्यांना आठ आठवड्यांची मुदत

प्रति,
मा. श्री. हेक्टर गिलँडर्स,
मालमत्ता अधिकारी (शाळा),
बेट परिषद कार्यालय, पोर्टनॅलन,
ब्रानासे बेट.

विषय : शाळेमागील जागेवरील डांबरीकरण सोमवार, दि. २१ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलणेबाबत.

संदर्भ : आपले खुलासा मागणारे पत्र, दि. १२ ऑगस्ट.

महोदय,

मी, उना मॅकफेल, पोर्टनॅलन माध्यमिक शाळेत पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या मुलांना भूगोल, इतिहास व आधुनिक अभ्यास हे तिन्ही विषय शिकवते. शाळेमागील नियोजित वाहनतळाच्या जागेत ‘अनधिकृत लागवड’ आढळली असून ती कोणत्या विषयाच्या तासाला झाली, याचा खुलासा आपण मागवला आहे. सोबतच्या नमुन्यात विषयासाठी एकच चौकट आहे. ती मी रिकामी सोडली आहे. कारण खालीलप्रमाणे.

१. चौतीस वर्षांपूर्वी, मी रुजू झाले त्याच वर्षी, परिषदेने परिपत्रक काढून कळवले की, लहान शाळांत हे तिन्ही विषय एकाच शिक्षकाने ‘परस्परांशी सांगड घालून’ शिकवावेत. माझे शिक्षण भूगोलाचे. तरीही आदेश शिरसावंद्य मानून मी सांगड घातली. आता ती माझ्याच्याने सुटत नाही.

२. जानेवारीत शाळेच्या दारावर आपल्या कार्यालयाची सूचना लागली : मागील जागेत बावीस गाड्यांचा तळ होणार, नागरिकांनी अठ्ठावीस दिवसांत मते कळवावीत. शाळेत गाड्या चार येतात, त्यांतली एक माझी, आणि ती महिन्यातले दहा दिवस दुरुस्तीला असते. वर्गात तेव्हा आधुनिक अभ्यास चालू होता : नागरिकाने सरकारला काय विचारावे व सरकारने काय उत्तर द्यावे. आयती संधी चालून आली म्हणून मी मुलांना मते लिहायला बसवले. अठ्ठावीस मुलांनी अठ्ठावीस पत्रे लिहिली. तिथे शाळेची बाग व्हावी, जेवणघराला भाजी मिळावी, अशी मागणी होती. सगळ्यांना मिळून एक उत्तर आले : ‘आपल्या मतांची नोंद घेण्यात आली आहे.’

यावर वर्गात जे बोलणे झाले ते आपण ‘शब्दशः’ मागितले आहे, म्हणून देते. यामेन हा मुलगा चार वर्षांपूर्वी सीरियाहून आईवडिलांबरोबर बेटावर आला. तो म्हणाला, “मिस, ‘नोंद घेतली’ म्हणजे हो की नाही?” शोनाग, जिचे वडील फेरीबोटीवर तिकिटे फाडतात, ती म्हणाली, “म्हणजे नाहीच रे. पण गोड आवाजात.” मी तिला गप्प बसवले. तिचे म्हणणे चूक आहे, असे मात्र मला सांगता आले नाही, याची खंत वाटते.

३. मार्चमध्ये, वेळापत्रकाप्रमाणे, इतिहास सुरू झाला. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या आपल्या बेटावरच्या सैनिकांना जमिनी देण्याचे वचन होते, त्या मिळाल्या नाहीत, अर्जांवर अर्ज गेले. शेवटी एका सकाळी त्या लोकांनी जमीनदाराच्या आखमोर शेतात खुंट्या ठोकल्या, पट्टे पाडले आणि बटाटे लावून टाकले. एकदा बटाटे जमिनीत गेले की अधिकाऱ्याचे अर्धे बळ जाते, असे मी शिकवले. हे वाक्य मी गेली चौतीस वर्षे दरवर्षी म्हणते. आजवर कोणी मनावर घेतले नव्हते.

थोडक्यात, महोदय, आधुनिक अभ्यासाने दाद लागली नाही, म्हणून मुले इतिहासाकडे वळली. आणि जागा नेमकी कुठली घ्यायची, हे त्यांना भूगोलाने सांगितले. दक्षिणेकडे उतार, व्यायामशाळेच्या भिंतीचा आडोसा, पाण्याचा निचरा, सगळे त्यांनी नकाशावर गुण देऊन ठरवले आहे. खत म्हणून किनाऱ्यावरचे शेवाळ आणले. त्याचा वास मुख्याध्यापकांच्या खिडकीत जाणार, हेसुद्धा वाऱ्याच्या दिशेचा बाण काढून आधीच दाखवले होते. त्या नकाशाला मी पूर्ण गुण दिले. तेव्हा तो गृहपाठ आहे अशी माझी समजूत होती.

४. एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत, चाळीस मिनिटांत अठ्ठावीस पट्टे आखून लागवड झाली. शाळेचे शिपाई श्री. डूगी लामाँट यांनी फाटकाचे कुलूप कसे उघडले गेले याबद्दल जबाब दिला आहे, तो असा : “मी उघडलं नाही. किल्ली हातात धरून उभा होतो, मुलांनी ‘थँक यू’ म्हटलं. आता थँक यू म्हणणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?” श्री. लामाँट यांचे आजोबा आखमोरच्या खुंट्या ठोकणाऱ्यांत होते, हे या जबाबात आलेले नाही.

५. दि. ११ जून रोजी आपल्या कार्यालयाचे मोजणीदार श्री. पिरी जागा पाहायला आले. त्यांना अपमानास्पद वागणूक मिळाली, असे आपल्या पत्रात म्हटले आहे. वस्तुस्थिती अशी की, मुलांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, स्वयंपाकाच्या तासाला भाजलेले स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, दिले आणि ओळखपत्र मागितले. ओळखपत्र ते बोटीवर विसरले होते. तेव्हा शोनागने सांगितले, “मग तुम्ही पाहुणे. पाहुण्यांच्या वहीत सही करा, काका. आणि पाय जरा बाजूला घ्या, तुम्ही यामेनच्या बटाट्यावर उभे आहात.” यात अपमान कुठे झाला, ते मला शोधूनही सापडत नाही. आखमोरला नोटीस घेऊन आलेल्या माणसावर बायकांनी चिखल फेकला होता. तो भाग शिकवायचा मी या वर्षी मुद्दाम टाळला, तरी तीन मुले मधल्या सुट्टीत येऊन विचारून गेली, “मिस, चिखलाचा धडा कधी?” माझ्या संयमाचीही कुठेतरी नोंद घेण्यात यावी.

६. आता मूळ मुद्दा. डांबर सोमवारी, २६ ऑगस्टला पडणार. बटाटे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तयार होत नाहीत. परिषदेच्या छापील दिनदर्शिकेत १४ ऑक्टोबरपासूनच्या आठवड्याला ‘शरद सुट्टी’ म्हटले असले, तरी आपल्या कार्यालयात फोन उचलणाऱ्या बाईंसह सगळे बेट तिला बटाट्यांची सुट्टी म्हणते. पूर्वी मुले त्या आठवड्यात शेतांवर बटाटे काढायला जात, म्हणून ती सुट्टी. हल्ली नाव बटाट्यांचे आणि मुले विमानाने जातात स्पेनमधल्या तेनेरिफच्या समुद्रावर. या वर्षी अठ्ठावीसपैकी सव्वीस मुले घरीच राहणार आहेत. उरलेल्या दोघांच्या आया माझ्याशी बोलत नाहीत, कारण तिकिटे काढून झाल्यावर मुलांनी विमानात बसायला नकार दिला आहे.

७. मी आठ आठवडे मागते आहे, त्याहून काही नाही. वाहनतळ रद्द करा, असे मुलांचे म्हणणे आहे. माझे तेवढे धाडस नाही. पण सोमवारी त्या हिरव्या पानांवर डांबर ओतले, तर मी तीन विषयांत वर्षभर जे शिकवले ते सगळे एका सकाळीत खोटे ठरेल. पत्र लिहिले की कोणी वाचते, हे खोटे. पूर्वीच्या माणसांनी जे सोसले त्याचा आपल्याला काही उपयोग असतो, हे खोटे. आपल्या पायाखालची जमीन नीट पाहावी, हे तर सर्वांत खोटे. मुले बारा-तेरा वर्षांची आहेत. या वयात एकदा बसलेली समजूत पुढे कुठल्याच वर्गात दुरुस्त होत नाही, हे मी पाहिले आहे. मला या मुलांचा अभिमान वाटतो. अर्जात असे लिहू नये हे ठाऊक आहे. मुळात मला फार भीती वाटते आहे, तेही लिहू नये.

८. शेवटी एक बाब, जी आपल्या नमुन्यात कुठल्याच चौकटीत बसत नाही. सदर जागेवर नऊ वर्षांपूर्वीपर्यंत एक लाकडी वर्गखोली होती. छत गळायचे, शेगडी धूर करायची. खोली पाडली तेव्हा कपाटातल्या जुन्या वह्या टाकवेनात, म्हणून मी त्या घरी माळ्यावर नेऊन ठेवल्या. गेल्या आठवड्यात आपले पत्र आल्यावर त्यांतली एक शोधून काढली. सन १९९३, पहिले वर्ष, खिडकीजवळचा दुसरा बाक, हेक्टर गिलँडर्स.

पान ११ वर प्रश्न आहे : ‘त्या सकाळी आखमोरला तू असतास, तर कोणाच्या बाजूला उभा राहिला असतास? सकारण लिही.’ आपण एकच ओळ लिहिली होती : ‘मी बटाटे लावणाऱ्यांच्या बाजूला.’ मी दहापैकी सहा गुण दिले होते आणि लाल शाईने शेरा लिहिला होता : ‘कारण?’

कारण अद्याप मिळालेले नाही. ते आपल्या निर्णयपत्रात कळवावे. मी पुढच्या जूनमध्ये निवृत्त होते. तोपर्यंत उरलेले चार गुण देण्याचा अधिकार माझ्याकडे आहे, आणि मी ते देण्यास फार उत्सुक आहे.

आपली त्या वेळची व आजचीही नम्र शिक्षिका,

(सही)
उना मॅकफेल
पोर्टनॅलन, दि. १९ ऑगस्ट २०२४

सोबत जोडले आहे :
१) जागेचा नकाशा, वाऱ्याच्या बाणासह.
२) अठ्ठावीस पत्रांच्या प्रती व त्यांचे एक उत्तर.
३) यामेनच्या पट्ट्यातील एका रोपाखालचे तीन बटाटे. अजून लहान आहेत, हे पाहावे.
४) वही, मूळ प्रत. पान ११ वर ओळीखाली जागा मोकळी आहे.