तीन बोटांची मूठ

गेर्लिंगेन, जर्मनी

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा फ्रिजवर चिठ्ठ्या लावायचे, 'भात झाकून ठेवलाय' एवढ्याच. पण उद्या सकाळी तुमचं रिव्हॉल्व्हर लांड्राट्सआम्टात, त्या जिल्हा कचेरीत, जमा करायचंय. तिथून ते चिरडायला जाणार. आणि हे माझ्या हातून झालंय, त्यामुळे तुम्हाला सांगणंही मलाच भाग आहे.

'पिस्तूल' म्हटलं की चिडायचात, म्हणून रिव्हॉल्व्हर म्हणतेय हं. गावातल्या नेमबाजीच्या क्लबातल्या एका म्हाताऱ्याकडून तुम्ही ते जुनं धूड घरी आणलंत तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते. प्रत्येक गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मग चाप दाबायचा. धडधाकट माणसालाही जड जावं असं काम. हाताला दुखापत झाली की लोक फिजिओथेरपीला जातात. तुम्हाला नेमबाजी सुचली!

हाताचं मी कधी बोलले नाही. आज बोलते.

त्या होळीला बारा माणसं जेवायला होती आणि पुरणयंत्राचा दांडा तुटला. तुम्ही म्हणालात, उद्या करतो, आज दमलोय. मी केलरच्या जिन्यावरून ओरडले की आत्ता करून द्या, नाहीतर पुरण काय मिक्सरमधून काढू? तुम्ही खाली तळघरातल्या तुमच्या वर्कशॉपमध्ये मशीन लावलंत. थोड्या वेळाने वर आलात ते उजवा हात टॉवेलात गुंडाळून. करंगळी आणि शेजारचं बोट गेलं होतं. आणि मला म्हणालात, "पुरण मिक्सरमधूनच काढ आता."

पुढच्या सहा वर्षांत तुम्ही मला एकदाही बोल लावला नाहीत. का नाही लावलात? एकदा तडातडा बोलला असतात तर मीही रडून मोकळी झाले असते. त्याऐवजी मी त्या हाताकडे बघायचंच सोडलं. ताट वाढून मागे सरायचे. फिरायला जाताना तुमच्या डाव्या बाजूने चालायचे. तुमच्या ते लक्षात आलं, कारण तुम्ही तो हात खिशात ठेवायला लागलात. तुम्हाला वाटलं असेल की मला किळस येते. किळस नव्हती हो. माझ्याच्याने बघवत नव्हतं, एवढंच.

तीन बोटांत रिव्हॉल्व्हरची मूठ काही राहीना. बार उडाला की ते हातातल्या हातात वर फिरायचं. दुसऱ्या कुणी छंद बदलला असता. तुम्ही मूठच बदलायला निघालात! आतली पोलादी चौकट कशी घडवलीय ते समजावं म्हणून चक्क मूळची मूठ कापलीत. क्लबातल्या तुमच्या योआखिमने कपाळाला हात लावला. इतकी जुनी वस्तू, मूळची मूठ गेली म्हणजे संग्रह करणारा कुणी ढुंकून बघणार नाही, असं तो माझ्यासमोर म्हणाला होता. तुम्ही हसलात. विकायचीय कुणाला, म्हणालात.

मग रोज मी कणीक मळायला घेतली की तुम्ही मागे येऊन उभे. एक गोळा मागायचात, तो उजव्या हातात घट्ट दाबायचात, आणि तो ठसा खाली नेऊन त्यावरून मापं घ्यायचात. अन्नाशी काय खेळ चाललाय, म्हणून मी करवादायचे. गोळा परत आणून दिलात की तुमच्या बोटांच्या खुणांसकट पुन्हा मळून टाकायचे. किती ठसे मोडले असतील मी, देव जाणे.

दोन हिवाळे कानस चालवून शेवटी पितळेची मूठ तयार झाली. मागून जाड, आणि पुढे जिथे तुमची दोन बोटं असायला हवी होती तिथे पितळेचा मोठा फुगवटा, तळहातात रुतून बसणारा. क्लबातले लोक तिला बटाटा म्हणायचे. पण तुमचे नेम लागायला लागले. घरी येऊन छिद्रं पडलेला कागद टेबलावर ठेवायचात, मी बघावा म्हणून. मी तो उचलून त्यावर कोथिंबीर निवडायचे.

आणि हॉस्पिटलातला तो शेवटचा दिवस. मी तुमचा डावा हात धरून बसले होते. उजव्या हातात सुई होती म्हणून, असं मी सगळ्यांना सांगते. आपल्या लेकीला, रेवालाही तसंच सांगितलंय. सुई डाव्या हातातच होती. तुम्हाला तर माहीतच आहे.

इथे राखही घरी ठेवू देत नाहीत. कलश थेट कबरस्तानात पुरला. घरात तुमच्या हाताचं म्हणून जे काही उरलं ते शस्त्रांच्या कपाटात कुलपात होतं. म्हणून वारस या नात्याने रिव्हॉल्व्हर ठेवायची परवानगी मी मिळवली. मी, जिने ते आणलं तेव्हा अबोला धरला होता! फॉर्म भरले, गोळी सुटू नये म्हणून बंदुकांच्या दुकानदाराकडून नळीत कायमचं कुलूप बसवून घेतलं. रेवा आखनहून फोनवर जर्मनमध्ये समजावत होती, आई, देऊन टाक ना. नाही दिलं.

मग खंडेनवमी आली. तुम्ही दरवर्षी कानस, व्हर्नियर आणि रिव्हॉल्व्हर पाटावर मांडायचात, पूजा झाली की रिव्हॉल्व्हर लगेच कपाटात. शस्त्र दसऱ्याआधी हलवू नये, अशी माझी कुरकुर असायची. तुम्ही हसून कुलूप लावायचात. या वेळी मला अडवणारं कुणी नव्हतं. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, आणि ते देवांपुढे तसंच ठेवलं. दसऱ्याच्या सकाळी दहा वाजता बेल वाजली. शस्त्रं नीट ठेवली जातात का ते बघायला लांड्राट्सआम्टच्या ऑफिसातली दोन माणसं, न कळवता.

बिचारे बूट काढून आत आले. मी घाईघाईने पूजा समजावली, नळीतलं कुलूप दाखवलं. थोरला सगळं शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, "फ्राऊ साठे, मला समजतंय. पण ते कपाटात असायला हवं होतं."

परवानगी रद्द. परवानाधारकाला द्या नाहीतर आमच्याकडे जमा करा, असं पत्र आलं. योआखिमने चार जणांना विचारून पाहिलं. पण मूळच्या मुठीशिवाय ते कुणालाच नको होतं. तुमच्या हाताखेरीज ते कुणाच्या हातात बसणार?

आज दुपारी योआखिम कागदपत्रं तपासायला आला. ऑफिसला विचारलंय, म्हणाला, मूठ शस्त्रात धरत नाहीत, ते नुसतं पितळ आहे. त्याने स्क्रू सोडवले, मूठ माझ्यापुढे ठेवली आणि कॉफीही न घेता गेला. उरलेलं रिव्हॉल्व्हर कपाटात आहे. फार केविलवाणं दिसतंय हो, बघवत नाही.

मग मी ती उजव्या हातात धरून पाहिली. धरताच येईना. माझी शेवटची दोन बोटं मध्ये येत होती, त्यांना तिथे जागाच नाही. ती दुमडून तळहाताशी घट्ट दाबली, तेव्हा कुठे मूठ हातात बसली. फुगवटा बरोबर तुमच्या जखमेच्या जागी टेकला. सहा वर्षांत जो हात हातात घेतला नाही, तो आज असा घेतला. पितळ गार होतं. धरून ठेवल्यावर हळूहळू गरम झालं.

आता एक शब्द देते. उद्या ऑफिसात काही मागणार नाही, मुकाट्याने सही करून येईन. येत्या खंडेनवमीला पाटावर तुमची कानस असेल आणि ही मूठ असेल, आणि तिच्याशेजारी मी ते पुरणयंत्रही ठेवीन. अजून खालीच पडलंय, मोडक्या दांड्यासकट. आणि रेवा आली की सुई कोणत्या हातात होती ते तिला सांगेन.

दोन बोटं दुमडून,
तुमची
सुमन