प्रशांतच्या जबाबातलं वाक्य

१८ नोव्हेंबर, नागाव
शाळेतून आले तर ओटीवर प्रशांत बसलेला. माझा जुना विद्यार्थी, आता किनाऱ्यावर पर्यटकांना बोटीतून फिरवतो. रविवारी एकजण पिऊन बोटीत चढला, मध्येच लाइफ जॅकेट काढलं आणि पाण्यात पडला. प्र.ने उडी मारून त्याला आणलं. माणूस वाचला, पण त्याच्या घरच्यांनी अलिबागच्या बंदर कार्यालयात तक्रार केली. तक्रार इंग्रजीत, म्हणून बोटीच्या मालकाला जबाबही इंग्रजीत हवाय. वीस मिनिटांत लिहून दिला. प्र. म्हणाला, बाई, तुम्ही लिहिलंत म्हणजे बघायला नको. न वाचता सही केली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

२६ नोव्हें.
प्र.ची आई फाटकाशी उभी. चौकशी होईपर्यंत त्याला बोटीवर बंदी. "तो पिऊन व्हता, असा त्यानंच लिवून दिलाय म्हंतान. बाई, माझा पोर पीत न्हाय." मी म्हटलं, कार्यालयातल्या लोकांना इंग्रजी नीट कळत नसेल, मी बघते. तिला धीर आला.

२७ नोव्हें.
जबाबाची झेरॉक्स वहीत सापडली.
Being drunk and without a life jacket, Prashant pulled the tourist ashore.
माझंच वाक्य. मला म्हणायचं होतं, पर्यटक प्यायलेला, जॅकेट त्याच्या अंगावर नव्हतं. पण स्वल्पविरामानंतर लगेच नाव आलंय प्रशांतचं. म्हणजे प्यायलेला प्रशांत, बिनजॅकेटचाही तोच. त्यांनी बरोबर वाचलं.
सव्वीस वर्षं नववीला इंग्रजीच्या तासाला हेच शिकवतेय. वाक्याच्या सुरुवातीचे शब्द कोणाबद्दल आहेत? स्वल्पविरामाच्या पुढे बघा.
ह्यांना सांगितलं नाही.

२९ नोव्हें.
अर्धी रजा टाकून अलिबागच्या कार्यालयात. साहेब तरुण, बोलायला नीट. म्हणाला, "मॅडम, वाक्य अगदी स्पष्ट आहे." मी म्हटलं, लिहिणाऱ्याची चूक झाली असणार. लिहिणाऱ्याची! तिसऱ्याच कोणाबद्दल बोलावं तसं. कोणी लिहिलं, विचारलं त्याने. विचारून सांगते, म्हणाले.
एसटी येईपर्यंत स्टँडवर बसून होते. परत कार्यालयात जाऊन सांगता आलं असतं. बस आली तशी चढले.

३० नोव्हें.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, दोन वर्षांवर रिटायरमेंट, तू कशाला मध्ये नाव घालतेस, पोराला म्हणावं दुसरा जबाब दे. मला ते पटलं होतं. क्षणभर नाही, चांगलं संध्याकाळपर्यंत.

२ डिसें.
प्र.च्या घरी गेले. तो चुलत्याचं जाळं दुरुस्त करत बसला होता. मालकाने त्याच्या जागी दुसरा घेतलाय. आईसमोरच सांगितलं, चूक कार्यालयाची नाही, माझी. त्या दिवशी तुम्हाला भलतंच सांगितलं. ती उठून आत गेली.
प्र.ने हातातली सुई खाली ठेवली. "नववीत तुम्ही माझं असंच इंग्रजी वाक्य वर्गात मराठीत करून वाचून दाखवलं होतंत. जोरात भुंकत बाबांनी कुत्र्याला हाकललं. सगळे हसले." रागाने नाही म्हणाला. मग म्हणाला, त्यानंतर तुमच्या तासाला मी हात वर केला नाही.
मला आठवत नाही. आठवून बघितलं, अजिबात नाही. असं किती जणांचं वाचून...

३ डिसें.
नवा जबाब. म्हटलं, आता मराठीत लिहू, म्हणजे घोळ नाही. प्र.ला वाचून दाखवला. दुसऱ्याच ओळीला त्याने थांबवलं. "'दारूच्या नशेत असताना प्रशांतने पर्यटकाला ओढून काढले.' बाई, नशेत कोण?"
इतके दिवस मनात इंग्रजीला बोल लावत होते.
कागद घेऊन त्यानेच लिहिलं. पर्यटक दारू प्यायला होता. ते मला बोट निघाल्यावर कळले. त्याने जॅकेट काढले. तो पडला. मी पोहत जाऊन त्याला आणले. माझ्या अंगावर जॅकेट होते. मी दारू पीत नाही.
दुरुस्त करायला काही नव्हतं. खाली मी लिहिलं, पहिला जबाब माझ्या हातचा, चूक माझी. नाव, शाळा, सही.

५ डिसें.
दोघं अलिबागला. साहेबाने दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. "तुम्ही तेव्हा किनाऱ्यावर होता?" नाही. "मग पर्यटक प्यायला होता हे कशावरून?" प्रशांतने सांगितलं. "म्हणजे पहिला जबाबही त्याच्याच सांगण्यावरून." हो म्हणावं लागलं. वर पाठवतो म्हणाला.
प्र. बाहेर बाकावर होता. काय झालं, विचारलं नाही. मीच सांगितलं, सगळं.

९ डिसें.
उत्तर नाही. मुख्याध्यापकांना कार्यालयातून फोन आला होता, उद्या त्यांनी बोलावलंय.
संध्याकाळी बाजारात प्र.ची आई मासे घेऊन बसली होती. पाटीपुढे उभी राहिले. माझ्यानंतर आलेल्यांनाही तिने आधी दिलं. मी हलले नाही. गिऱ्हाईक संपल्यावर, वर न बघता, "कागदाचा काय झाला?"
अजून काही नाही, म्हटलं.
तिने मान हलवली आणि माशांवर पाणी मारलं.